कन्यापेशी

चांगुणा मोकलच्या टाळूवर केस नव्हते असं म्हणणं खरं ठरणार नाही. केस होते, पण बोटाच्या एका पेरापलीकडे ते कधी वाढलेच नाहीत. कानांमागचे, मानेवरचे केस कमरेपर्यंत यायचे आणि मधोमध तळहाताएवढ्या जागेत मात्र भात कापल्यावर शेतात उरतात तसे खुंट. जरा हात फिरवला की तुटायचे. वयाच्या बाराव्या वर्षी तिने पहिली पाटी डोक्यावर घेतली होती. तेव्हापासून चाळीस वर्षं, दर हंगामात, पंचवीस-पंचवीस किलो ओलं मीठ खाऱ्या पाण्याच्या उथळ कोंडीतून उचलायचं आणि बांधावरच्या राशीवर नेऊन ओतायचं. डोक्यावर कापडाची चुंबळ असायची, पण पाटीतून झिरपणारं खारं पाणी चुंबळीतून खाली उतरून टाळूत मुरायचंच.

दादरखारच्या खाडीवरची बाकीची मिठागरं बंदराने आणि नव्या शहराने केव्हाच गिळली होती. दोन उरली होती, तीही एका विचित्र कारणाने. शहरातल्या दुकानांत 'हातमीठ' म्हणून एक पुडकं मिळायचं. त्यावरच्या खुणेसमोर फोन धरला की पडद्यावर आगरी बायका ओळीने पाट्या वाहताना दिसायच्या. या मिठाला यंत्राचा स्पर्श झालेला नाही, अशी हमी खाली लिहिलेली असायची. त्या हमीसाठी लोक चौपट किंमत मोजत. म्हणून सन दोन हजार अडतीसमध्ये, जेव्हा बंदरावर माणसाशिवाय चालणाऱ्या क्रेन जहाजं रिकामी करत होत्या, तेव्हा पलीकडच्या काठावर चांगुणा आणि तिच्या सोबतिणी डोक्यावरून मीठ वाहत होत्या. यंत्र परवडत नव्हतं अशातला भाग नव्हता. यंत्र आणलं असतं तर मिठाचा भाव गेला असता.

चांगुणाची एकुलती एक लेक हर्षला. वय तीस. वडील ती शाळेत असतानाच गेले. याच पाट्यांवर तिचं शिक्षण झालं. जीवशास्त्रातली पदवी आणि त्यावरची पदवी घेऊन ती महापेच्या एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती. आठवडाभर तिकडे भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायची.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी ती आईच्या डोक्याला तेल लावत बसली होती. चांगुणाने सहज विचारलं, "बाय, तू तिकरं करतंस तरी काय? बामी इचारते तवा मना सांगता येत नाय."

"केसांचं औषध करतो आम्ही, आय. ज्यांचे केस वाढत नाहीत, सारखे तुटतात, त्यांच्यासाठी."

"मंग येतात केस?"

"येतात. चाळीस बायकांना लावलं. अडतीसजणींना आले."

चांगुणाने मान मागे वळवली. मग आपल्याच टाळूवर बोट ठेवून म्हणाली, "हितं पन येतील?"

हर्षलाचा हात थांबला. आईने आजवर कधी काही मागितलं नव्हतं. साडी आणली तर 'कशाला आनलीस' म्हणायची आणि मोबाईल आणला तर तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायची.

"तसं कुणालाही देता येत नाही, आय. अजून चाचणी चालू आहे. नियम आहेत."

"नाय तं नाय." चांगुणा हसली. "मी आपलं इचारलं. लगीन झायलं तवा सोला वर्सांची होते मी. तवाच टालू अशी होती. सासू बोलली, अंबारा मोठा दिसाला पायजे, नि आत चिंद्या भरल्या. येनी माळली ती चिंद्यांवर. एकदा आपल्या केसांवर माळावी असं वाटतं. येरीच हाय मी."

आपल्याच वेडेपणाला हसत ती उठून चुलीकडे गेली. पुन्हा तिने हा विषय काढला नाही. हर्षलाच्या मनातून मात्र तो गेला नाही.

हर्षला ज्यावर काम करत होती त्या औषधाचं अजून बारसं झालं नव्हतं. प्रयोगशाळेत त्याला 'के-अकरा' म्हणत. केसाच्या प्रत्येक मुळाशी, कातडीखाली तीन-चार मिलिमीटरवर, मूलपेशींचं एक इवलंसं कोठार असतं. त्या बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. एखादी जागी झाली की दुभंगते आणि तिच्या दोन कन्यापेशी होतात. त्यांतली एक कोठारातच राहते, दुसरी खाली उतरून केस घडवायला लागते. डोक्याच्या ज्या भागात केस हळू वाढतात आणि लवकर तुटतात, तिथली कोठारं फार काळ झोपलेली असतात. के-अकराचं काम होतं ती झोप मोडणं. टिकलीसारखी एक पट्टी, तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या शेकडो सुया. पट्टी टाळूवर दाबली की सुया आत विरघळायच्या आणि त्यांच्यातला रेणू कोठारापर्यंत पोचायचा. तो पेशीच्या जनुकांना हात लावत नसे. जनुकांवरच्या खुणा तेवढ्या बदलायचा. एखाद्या जाड पोथीतलं एकच पान उघडून त्यावर दगड ठेवावा तसं. ते पान होतं 'केस घडव'. आणि खुणा बदलल्यामुळे पेशी दुभंगली तरी तिच्या कन्यापेशीतही तेच पान उघडं राहायचं, त्या कन्येच्या कन्येतही. म्हणून औषध एकदाच लावायचं. कंपनीचा सगळा भरवसा या 'एकदाच'वर होता.

नोव्हेंबरात चाचणी संपली. उरलेल्या चाळीस पट्ट्या जाळून टाकायचं काम हर्षलाकडे आलं. तिने भट्टीत एकतीस टाकल्या आणि नोंदवहीत चाळीस लिहिल्या.

नऊ पट्ट्यांत आईची टाळू भरली. "एकवीस दिवस डोक्यावर काही घ्यायचं नाही, घागरसुद्धा नाही," असं तिने बजावलं. चाचणीतल्या बायकांना सांगितलेलं सगळं आईकडून करून घेतलं. हंगाम सुरू व्हायला अजून दोन महिने होते. चांगुणाने एकवीसच्या जागी चाळीस दिवस पाळले. शेजारची बामीबाई, जिच्या मागोमाग तिने तीस वर्षं पाट्या वाहिल्या होत्या, तिलाही तिने काही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "डोसकं दुखतंय गो."

केस आले. आधी पोपटाच्या पिलाच्या अंगावर येते तशी लव, मग काळेभोर, दाट. बाकी डोक्यावर पांढऱ्या बटा होत्या आणि टाळूवर मात्र सोळा वर्षांच्या मुलीचे केस. दर शनिवारी हर्षला मोजपट्टीने मोजायची. एरवी डोक्यावर महिन्याला वाढावेत त्याच्या तिपटीने ते वाढत होते. जानेवारीच्या शेवटी आजूबाजूच्या केसांत धरून अंबाड्यात खोचता येतील एवढे झाले.

त्या रविवारी चांगुणाने न्हाऊन केस वाळवले, अंगणात पाटावर बसली आणि म्हणाली, "घाल."

हर्षलाने अंबाडा घातला. आत चिंधी नाही की गंगावन नाही. त्यावर अबोलीची वेणी माळली. चांगुणा आरशात बघत नव्हती. पुन्हा पुन्हा हात मागे नेऊन चाचपत होती. मग पदर खांद्यावर टाकून तशीच, उघड्या डोक्याने, गावातून देवळापर्यंत जाऊन आली. बामीबाई ओट्यावर भात निवडत होती. तिचं सूप हातातच राहिलं.

"चांगुणे! काय गो ह्ये?"

"लेकीनी दिलंय," चांगुणा म्हणाली. आणि तिने चाल थोडी सावकाश केली.

हर्षला दारातून बघत होती. एवढी खूश ती स्वतःचा निकाल लागला तेव्हाही झाली नव्हती.

हंगाम सुरू झाला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चांगुणाच्या टाळूवर मसुरीच्या डाळीएवढा ओरखडा उठला. असे ओरखडे दर वर्षी उठायचे. दोन दिवस हळद भरली की जायचे. हा गेला नाही. आठवड्याने तो वाटाण्याएवढा झाला. चांगुणाने चुंबळ जरा बाजूला सरकवली, तर बाजूला दुसरा उठला. चाचणीच्या अहवालात अडकलेली हर्षला महिनाभराने, होळीला घरी आली तोवर दोन्ही मिळून रुपयाएवढी ओली, लाल जागा झाली होती आणि आईने ती केसांखाली झाकून ठेवली होती. न्हाणीत डोक्यावर पाणी ओतताना आई कण्हली, ते हर्षलाने ऐकलं.

"बघू."

"काय नाय, खरचटलंय."

"आय, बघू दे मला."

हर्षलाकडे फोनला लावायचं भिंग होतं. त्यातून तिने बघितलं. जखमेला खपली नव्हती. कडांनी कातडी आत सरकत यायला हवी होती, ती जागच्या जागी थांबली होती. आणि त्या उघड्या मांसातून, अगदी मधूनही, केस उगवत होते, सरळ, चकचकीत, निरोगी.

तिने मुळासकट दोन केस आणि कडेची तिळाएवढी कातडी घेतली. सोमवारी प्रयोगशाळेतून सगळे गेल्यावर तिने ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जे दिसलं ते समजायला तिला फार वेळ लागला नाही. समजलं नसतं तर बरं, असं मात्र वाटलं.

केसाच्या मुळातल्या त्या मूलपेशींना दोन कामं असतात. एक केस घडवण्याचं. दुसरं काम त्या क्वचितच करतात. कातडी सोलवटली की त्या आपलं कोठार सोडून वर येतात, कातडीच्या पेशी होतात आणि जखम मिटवतात. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना माहीत होतं. पुस्तकात होतं. पण सर्वसाधारण डोक्यावर केसांच्या मधल्या कातडीला स्वतःच्याही पेशी असतात. तिचं तिला भागतं. एका पानावर दगड ठेवल्याने मुळांतल्या पेशींचं दुसरं काम बंद पडेल, हेही ठाऊक होतं, पण त्याने काही बिघडत नव्हतं. चाचणीतल्या बायका कचेरीत बसणाऱ्या होत्या. कुणाचे केस घट्ट बांधून तुटलेले, कुणाचे रसायनांनी सरळ करून. कुणाच्याही डोक्यावर चाळीस वर्षं ओझं नव्हतं.

चांगुणाच्या टाळूवरच्या कातडीच्या स्वतःच्या पेशी त्या ओझ्याखाली केव्हाच झिजून संपल्या होत्या. ती टाळू इतकी वर्षं तगली होती ती मुळांतल्या पेशींच्या जिवावर. रोज सोलवटायची, आणि रोज मुळांतून पेशी वर येऊन ती मिटवायच्या. केस घडवायला त्यांना सवडच मिळत नव्हती. म्हणून केस हळू वाढायचे, म्हणून तुटायचे. ते खुंट म्हणजे आजार नव्हता. कातडी शाबूत राहावी म्हणून शरीराने केसांवर पाणी सोडलं होतं. आणि हर्षलाने तो सौदा मोडला होता.

खुणा पुसता येत नव्हत्या. पुसता येऊ नयेत म्हणूनच तर तिच्या गटाने तीन वर्षं खपून रेणू घडवला होता.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर शलाका ओगल्यांच्या खोलीत गेली. के-अकरा त्यांच्या डोक्यातून निघालेलं. हर्षलाला नोकरीवर त्यांनीच घेतलं होतं, तिचा पहिला शोधनिबंध त्यांनी शब्दन् शब्द तपासून दिला होता. हर्षलाने काहीही न लपवता सगळं सांगितलं. पट्ट्या, नोंदवही, आई, जखम. भिंगातून काढलेली छायाचित्रं टेबलावर ठेवली.

ओगलेबाईंनी ती एकेक करून पाहिली. शेवटचं छायाचित्र त्यांनी दोनदा पाहिलं.

"तुझं निदान बरोबर आहे," त्या अखेर म्हणाल्या. "ओझं बंद केलंय ना?"

"पहिल्याच दिवशी."

"हर्षला, तू हे मला सांगितलंस, त्यामुळे आता मी तुला वाचवू शकत नाही. कळतंय ना?"

"मला वाचवू नका, मॅडम. दिवाळीला औषध बाजारात येतंय. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायका फक्त दादरखारला नाहीत. विटा वाहतात, पाणी वाहतात, सरपण वाहतात. केस तुटण्याची तक्रार सगळ्यांत जास्त त्यांचीच असणार. त्यांना देऊ नका एवढंच."

"मी कंपनीच्या समितीपुढे ठेवते."

त्यांनी खरोखरच ठेवलं. हर्षलाला ते नंतर कळलं. समितीने अर्ध्या तासात निकाल दिला. ही बाई चाचणीत नव्हती. तिच्या आधीच्या तपासण्या नाहीत, संमतीपत्र नाही, पट्ट्या चोरीच्या, त्या कशा साठवल्या याची खात्री नाही. नियमाबाहेर गोळा केलेली माहिती ही माहिती धरता येत नाही. हर्षलाला काढून टाकलं, वर फौजदारी करायची की नाही हे राखून ठेवलं. औषधाच्या वेष्टनातल्या घडीच्या कागदावर शेवटून दुसरी एक ओळ वाढली : 'टाळूवर उघडी जखम असल्यास वापरू नये.' टाळूवर जखम होण्याआधी काय करावं, ते कागदात नव्हतं.

हर्षलाने सरकारी औषधखात्याला चार पानी पत्र लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. रुग्ण नोंदणीकृत नसल्याने तक्रार दाखल करता येत नाही.

एप्रिलमध्ये तिने आईला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले त्वचारोपण करणारे डॉक्टर तांबोळी शांत, कामात मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी मांडीची कातडी काढून टाळूवर बसवली. दहा दिवस ती छान धरली. अकराव्या दिवशी तिच्यात बारीक बारीक काळे ठिपके दिसू लागले. खालची मुळं केस वर ढकलत होती. महिन्याभरात नव्या कातडीची चाळण झाली आणि ती सुटून आली. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच.

"मुळं काढायची म्हणजे हाडापर्यंत खरवडावं लागेल," तांबोळी म्हणाले. "आणि नुसत्या हाडावर कातडी धरत नाही. शिवाय यांचं वय, साखर. मी तसं सुचवणार नाही. जखम स्वच्छ ठेवा. ओझं नको, ऊन नको, घाम नको. पू झाला तर लगेच या."

"बरी कवा व्हईल?" चांगुणाने विचारलं.

तांबोळींनी हर्षलाकडे पाहिलं. हर्षलाने खाली पाहिलं. चांगुणाला कळलं, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

घरी परतताना एस्टीत चांगुणा खिडकीशी बसली होती. वडखळच्या आसपास ती म्हणाली, "तू रडू नको. मी मागितलं, तू दिलंस."

"मी द्यायला नको होतं."

"आयनं मागितल्यावर कोन नाय देनार? बामीला नको सांगू. कोनालाच नको सांगू."

"का? लोकांना कळायला हवं, आय."

"तुना पोलीस नेतील. टालू गेली माझी. लेक पन जाऊ दे काय?"

आणि चांगुणाने ते पाळलं. गावात ती अंबाडा घालून, त्यावर पदर घेऊन फिरायची. केस वाढतच होते. आता ते मानेखाली येत, जखम पूर्ण झाकून टाकत. रोज सकाळी हर्षला ते केस दोन्ही बाजूंना सारून, जखम धुऊन, औषधाची घडी ठेवून वर पुन्हा विंचरून बसवायची. घडीला आतून केस टोचायचे, म्हणून जखमेतले केस तिला दर तीन दिवसांनी कात्रीने कापावे लागत. चांगुणा डोळे मिटून बसायची. कामाला का येत नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "लेक बसवून घालते जेवाला." लेक मात्र नोकरी गेल्यापासून गावच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती. चांगुणाला नेमकं काय झालंय, हे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. दिसत होते ते फक्त केस.

दिवाळीला औषध आलं. नाव ठेवलं 'कुंतला'. जाहिरातीतली बाई कचेरीतून बाहेर येऊन केस मोकळे सोडायची. पेणच्या औषधाच्या दुकानातही पुठ्ठ्याची तीच बाई उभी राहिली.

हर्षला घरोघर गेली. "हे लावू नका," म्हणाली. "तुमच्या डोक्याला हे चालणार नाही." का, ते नीट सांगता येत नव्हतं, कारण आईने शपथ घातली होती. टाळूच्या पेशी, ओझं, मुळं असं काहीबाही ती सांगायची. बायका ऐकून घ्यायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. बामीबाईने शेवटी तोंडावरच सुनावलं.

"तुझ्या आयला दिलंस. ती रानीवानी मिरवते. नि आमाला बोलतंस, चालनार नाय. आमच्या डोसक्याला काय झायलं? आमी मानसं नाय काय?"

हर्षला घरी आली आणि आईपुढे बसली. "मला शपथेतून सोड."

चांगुणाने मान हलवली. "बामी कुठं लावते? तिला परवरतं काय त्ये?"

पण बामीबाईच्या सुनेने ते आणलं. संक्रांतीचं वाण म्हणून.

हे मोकल मायलेकींना कळलं ते फेब्रुवारीत. हंगाम सुरू होऊन पाच दिवस झाले होते. रात्रीतून चांगुणाच्या उशीवर रक्ताचा डाग पडला होता आणि सकाळी हर्षला घडी बदलत असताना बामीबाईची सून दही मागायला आली. तिला आत यायची सवय होती, ती थेट आत आली. तिने ते पाहिलं. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकली.

"सासूबाईंना पन आसंच व्हईल?"

"कधी लावलं?" हर्षलाने विचारलं.

"महिना झाला. अजून सहाजनींनी लावलंय. दादरखारच्या सगल्या."

चांगुणा उठली. केस तसेच मोकळे, घडी न ठेवलेली जखम तशीच उघडी. चपला न घालता ती बांधाकडे चालू लागली. हर्षला मागे धावली. ऊन चढलं होतं. कोंड्या पांढऱ्या शुभ्र होत्या, त्यांच्यातून बायका ओळीने येत-जात होत्या.

चांगुणा बांधावर उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी केस दोन बाजूंना धरले आणि मान खाली घातली.

"बगा. नीट बगा. वरीस झायलं. मिटत नाय. माझी लेक बोलत व्हती त्ये खरं व्हतं. मी तिचं तोंड बांधलं व्हतं."

बायका पाट्या टाकून जमा झाल्या.  बामीबाई पुढे आली. वाकून तिने पाहिलं, अगदी जवळून, जसं आपल्या नातवाचं गळू बघावं. मग सरळ झाली आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला. तिच्या टाळूवर बोटभर काळे, दाट केस होते. भोवतालच्या पांढऱ्या केसांत ते परक्यासारखे दिसत होते.

"पाच दिस पाटी घेतलीया," ती म्हणाली. "काल जरा हुळहुळलं."

हर्षलाने पुढे होऊन केस बाजूला केले. मसुरीच्या डाळीएवढा ओरखडा होता.

"आता ओझं घेऊ नका, मावशी. एक पाटीसुद्धा नाही. कधीच नाही. अजून बारीक आहे, धुतलं, झाकून ठेवलं तर एवढंच राहील."

"नि जाईल काय?"

हर्षलाने तिचे केस पुन्हा होते तसे सारले.

"राहील तं राहील, पन जानार नाय," बामीबाईने स्वतःशीच म्हटलं. मग तिने इतर सहाजणींकडे पाहिलं. त्यांनी पदर घट्ट धरले होते. "नि आमी सगल्या बसलो तं मीठ कोन वाहील? मी घरी बसले तं घरात काय शिजवू, हर्षू? तू सांग. तू शिकलेली हायस."

वरून कॅमेऱ्याचं यंत्र भिरभिरत आलं आणि बांधावर स्थिर झालं. ते रोज याच वेळेला यायचं, पुडक्यावरच्या चित्रासाठी. मुकादमाने लांबून शीळ घातली. एकेक बाई वळली. सावकाश, एकमेकींकडे न बघता, त्या आपापल्या कोंडीत उतरल्या.

बामीबाईची पाटी भरलेली होती. तिने चुंबळ फिरवून टाळूवर ठेवली, थोडी डावीकडे सरकवली, पुन्हा उजवीकडे सरकवली. कुठेच बरी बसेना. शेवटी तिने ती होती तिथेच राहू दिली आणि वाकून पाटीच्या एका कडेला हात घातला. भरलेली पाटी एकटीला उचलत नाही. तिने मान वर करून पाहिलं.

"मावशी, नको," हर्षला म्हणाली. "माझं ऐका."

"आयकलं गो तुझं," बामीबाई म्हणाली. "चांगुणे, हात दे."

चांगुणा काही क्षण उभी राहिली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते. मग ती कोंडीत उतरली, खाऱ्या पाण्यात पाय रोवले आणि पाटीच्या दुसऱ्या कडेला हात घातला.

"हलू ठेव," बामीबाई म्हणाली.

"हलूच ठेवते," चांगुणा म्हणाली, आणि दोघींनी मिळून पाटी वर उचलली.